दाखला आपल्याच वावराच्या मातीचा हवा
(जिल्हा बैठकीतील भाषण)



भावाबद्दल आपण नेहमी बोलतो. आज खर्चाबद्दल बोलू. कपाशी आणि ज्वारीला खताच्या गोण्या आपण कशाच्या आधारावर घेतो? शेजाऱ्याने दोन टाकल्या म्हणून आपण दोन. नाहीतर दुकानात जे शिल्लक असेल ते. जमिनीला काय कमी पडते, हे तिला कोणी विचारीत नाही.

ही सवय सरकारी धोरणानेही लावली. ऑगस्ट 1992 मध्ये स्फुरद आणि पालाशाच्या खतांवरचे किमतीचे नियंत्रण उठले, युरियावरचे राहिले. 2010 साली अन्नद्रव्यांवर आधारित अनुदान आले, त्यातूनही युरिया बाहेरच ठेवला. मग हात स्वस्त गोणीकडेच जाणार. युरियाच्या 45 किलोच्या गोणीत सुमारे 21 किलो नत्र असते. जस्त, लोह, गंधक यांची तूट तिने भरून निघत नाही.

19 फेब्रुवारी 2015 रोजी मृदा आरोग्य पत्रिकेची योजना सुरू झाली. बारा बाबींची तपासणी, कल्पना चांगली. पण पहिल्या फेऱ्यांत कोरडवाहू भागात 10 हेक्टरांमागे एकच नमुना धरला. म्हणजे पंचवीस एकरांत एक! आपल्या जिल्ह्यात तापीकाठची भारी काळी जमीन आहे आणि सातपुड्याच्या उतारावरची उथळ मुरमाडही आहे. एका वावरातसुद्धा वरचा तुकडा हलका आणि खालचा भारी असतो. दुसऱ्याच्या नाडीवर हात ठेवून आपल्याला औषध देण्यासारखेच हे झाले.

म्हणून नमुना आपणच घ्यावा. पीक निघाल्यावर, उन्हाळ्यात, खत टाकण्याआधी घ्यावा. हलक्या आणि भारी तुकड्याचा वेगळा. बांध, झाडाखालची जागा, उकिरडा, गुरे बसण्याची जागा टाळावी. आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल खड्डा करून कडेची माती वरपासून तळापर्यंत सारखी खरवडावी. जस्त-लोह तपासायचे असेल तर गंजलेले खुरपे आणि जस्ताची बादली वापरू नये. माती सावलीत वाळवून मिसळावी, चार भाग करून समोरासमोरचे दोन काढून टाकावेत. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करावे.

अहवालात सेंद्रिय कर्ब आधी पाहा. तो अर्ध्या टक्क्याच्या आत असेल तर शेणखताशिवाय गोण्यांचा पैसा पुरता वसूल होत नाही. जस्त दहा लाख भागांत 0.6 पेक्षा आणि लोह 4.5 पेक्षा कमी असेल तर तूट समजावी. चुनखडीच्या जमिनीत ही तूट हमखास आढळते. कोवळे पान पिवळे आणि शिरा हिरव्या, ही लोहाची खूण.

आणि एक गोष्ट ध्यानात ठेवा. कपाशीच्या लाल्यामागे नत्राबरोबर मॅग्नेशियमची कमतरताही असते. पत्रिकेच्या बारा बाबींत मॅग्नेशियम नाही. प्रयोगशाळेत ते वेगळे मागा.

आपली मागणी साधी आहे. प्रत्येक खातेदाराच्या वावराचा स्वतंत्र नमुना तपासला जावा आणि अहवाल पेरणीआधी हातात पडावा. पेरणीनंतर आलेला कागद काय कामाचा?

माती तपासून पाऊस पडत नाही, भावही वाढत नाही, हे खरे. पण पाऊस आपल्या हातात नाही, भावासाठी लढावे लागते. कोणती गोणी घ्यायची नाही, हे मात्र येत्या हंगामापासून आपण ठरवू शकतो. गावोगाव एकत्र या, नमुने एकदम पाठवा, आणि अहवाल पुढच्या बैठकीला घेऊन या.