आळस नव्हे, आजार



मी बँकेत लिपिक. काही वर्षांपूर्वी काउंटरवर बसल्या बसल्या डुलकी यायची; चंद्रपूरच्या भर मे महिन्यातही पंखा नकोसा व्हायचा. घरीदारी 'आळशी' हा शिक्का बसला. रक्तवाढीच्या गोळ्या खाण्यात दोन वर्षे गेली. मग टीएसएच तपासले तेव्हा कळले, गळ्यातील थायरॉईड ग्रंथी मंदावली आहे.

गोळी सुरू झाली, तरी मरगळ जाईना. मी ती चहासोबत, लोहाच्या गोळीबरोबरच घेत होते! थायरॉक्सिन सकाळी उपाशीपोटी, पाण्याबरोबर घ्यावे. पुढे अर्धा ते एक तास चहा नको. लोह, कॅल्शियम 4 तासांनी. मात्रा बदलल्यास 6 ते 8 आठवड्यांनी पुन्हा टीएसएच तपासावे. हे मला कोणी सांगितले नाही, मीही विचारले नाही.

भामरागड, एटापल्लीकडच्या भगिनींना तर तपासणीसाठीही मजुरी बुडवून लांब जावे लागते. म्हणून विनंती आहे, सुनेला आळशी म्हणण्याआधी तिचे रक्त तपासा. गर्भारपणी हयगय नकोच. बाळाच्या मेंदूची वाढ आईच्या या संप्रेरकावरही अवलंबून असते. बरे वाटले म्हणून गोळी मनाने सोडू नका. आणि डॉक्टरांना प्रश्न विचारायला लाजू नका.