विज्ञान समजावे म्हणून रंगमंच



या परिषदेसाठी राज्यभरातून कळमनुरीत आलेल्या प्राध्यापक, डॉक्टर, रंगकर्मी आणि विद्यार्थ्यांचे समस्त कळमनुरीकरांच्या वतीने मी स्वागत करतो. संत नामदेवांच्या नर्सीचा हा हिंगोली जिल्हा. 2024 साली हिंगोलीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि इथल्या मुलांसाठी डॉक्टरकीचे शिक्षण घराजवळ आले. ते कसे द्यावे, याचा विचार तालुक्याच्या गावात होतो आहे, याचा आम्हाला अभिमान वाटतो.

डॉक्टरी आणि रंगभूमी यांचे नाते महाराष्ट्राला नवे नाही. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून श्रीराम लागू, जब्बार पटेल, मोहन आगाशे रंगभूमीवर आले; नाटककार सतीश आळेकर तिथेच जीवरसायनशास्त्र विभागात काम करीत. हे नाते स्नेहसंमेलनांत आणि एकांकिका स्पर्धांत बहरले. ते आता वर्गातही यावे, एवढेच माझे म्हणणे आहे. 2019 पासून एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात रुग्णाशी कसे बोलावे हे शिकवण्यासाठी भूमिकानाट्याचा वापर होतो. पण नाटक केवळ वागणूक शिकवते, हा समज अपुरा आहे. 1963 साली अमेरिकेत मज्जाविकारतज्ज्ञ हॉवर्ड बॅरोज यांनी निरोगी व्यक्तीला रुग्णाची भूमिका शिकवली, ती विद्यार्थ्यांचे मज्जासंस्थेच्या तपासणीचे कौशल्य पारखण्यासाठी. म्हणजे आरंभीच नाटकाने शास्त्राची परीक्षा घेतली होती.

आपल्या शिवारातलेच उदाहरण घेऊ. विंचवाचे विष मज्जातंतूंमधील सोडियमच्या वाटा नीट मिटू देत नाही. तंतू पुन्हा पुन्हा उद्दीपित होतात, रक्तात अ‍ॅड्रेनॅलिन-नॉरअ‍ॅड्रेनॅलिनचा लोंढा येतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर ताण पडतो आणि फुप्फुसांत पाणी भरते. मूळचे जालना जिल्ह्यातले डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी महाडमध्ये प्राझोसिन हे औषध वापरून असे असंख्य रुग्ण वाचवले. हा क्रम पाठ करता येतो. पण तोच वर्गात उभा करा: कोणी सोडियमची वाट, कोणी नॉरअ‍ॅड्रेनॅलिन, कोणी नॉरअ‍ॅड्रेनॅलिन जिथे चिकटते तो रक्तवाहिनीवरचा अल्फा ग्राही, कोणी हृदय. प्राझोसिन झालेल्या विद्यार्थ्याला कुठे उभे राहायचे, हे ठरवावेच लागते. विषाला अडवायचे नाही, मज्जातंतूकडे जायचे नाही. नॉरअ‍ॅड्रेनॅलिनला मिळू नये म्हणून ग्राहीची जागा धरायची. नुसते नाव पाठ केलेला तिथे अडखळतो आणि नेमके काय समजलेले नाही, हे शिक्षकाला दिसते. शरीरातल्या क्रिया क्रमाने घडतात, एकीमुळे दुसरी घडते. नाटकाचा पायाही हाच आहे. पैठणच्या एकनाथांनी विंचवाचेच भारूड रचून कामक्रोधाचे विष लोकांना समजावले. मराठवाड्याला ही पद्धत परकी वाटू नये.

यावर आक्षेप आहेत आणि ते गंभीर आहेत. अभ्यासक्रम अफाट, वेळ अपुरा. खरे आहे, म्हणून हाडांची नावे शिकवायला नाटक नको. जिथे क्रम आणि परस्परपरिणाम समजायला अवघड जातो, असे वर्षाला तीन-चार विषय पुरेत. दुसरा आक्षेप असा की रेणूला इच्छा नसते, नाटक ती चिकटवते. हा धोका खराच. त्यामुळे प्रयोगानंतरची चर्चा अनिवार्य मानावी. आपले नाटक शरीरापेक्षा कुठे वेगळे होते, हे विद्यार्थ्यांनीच सांगावे; प्रतिकृतीची मर्यादा ओळखणे हेही विज्ञानच आहे. लाजाळू विद्यार्थ्याचे काय? त्याने संहिता लिहावी, चुका टिपाव्यात. गुण अभिनयाला नसावेत, आकलनाला असावेत. आणि टाळ्या म्हणजे पुरावा नव्हे, हा आक्षेप तर मला पूर्ण मान्य आहे.

म्हणून उपस्थित प्राध्यापकांना माझी विनंती आहे. परत गेल्यावर एकच विषय निवडा. एका तुकडीला तो नाट्यातून, दुसरीला नेहमीच्या व्याख्यानातून शिकवा. काही आठवड्यांनी दोन्ही तुकड्यांना सारखेच प्रश्न द्या आणि निष्कर्ष अनुकूल असो वा प्रतिकूल, तो प्रसिद्ध करा. शिकवण्याची पद्धतही औषधासारखीच तपासून स्वीकारली पाहिजे. व्यवस्थेत काही उणे राहिले तर सांभाळून घ्या, चर्चेत मात्र कसर ठेवू नका.