मॉरिशसची माती आणि आपला जांभा

मॉरिशस हे ज्वालामुखीतून वर आलेले बेट. तिथे शामारेलला जमीन तांबडी, पिवळी, जांभळी दिसते. लाव्ह्याचा काळा दगड पावसाने कुजत गेला. त्यातली सिलिका, चुना, पालाश वाहून गेले आणि लोह व ॲल्युमिनियम मागे राहिले. आपला जांभा असाच घडतो. कोकणातून करारबद्ध मजूर म्हणून तिकडे गेलेल्यांना ती तांबडी माती ओळखीची वाटली असेल. मजुरांनी उसाच्या शेतांतून वेचलेल्या दगडांच्या राशी आजही उभ्या आहेत.

गोव्यातल्या माझ्या वर्गात मी ‘लॅटराइट’ म्हटले की मुले शब्द वहीत उतरवतात. ‘जांभा’ म्हटले की शाळेच्या चिरेबंदी भिंतीकडे बघतात. परिभाषा घडवताना ती भिंत ध्यानात असू द्यावी, एवढीच विनंती.