सीमाभागातील विद्यार्थी आणि पुंजयामिकीचे शिक्षण

(राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त ग्रामस्थ, अधिकारी व शिक्षक यांच्यापुढे केलेले भाषण)



कलबुर्गीच्या बाजारात तुरीचे पोते काट्यावर चढते, तेव्हा तो किलोग्रॅम कशावरून ठरतो, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. १८८९ पासून पॅरिसजवळ जपून ठेवलेले प्लॅटिनम-इरिडियमचे एक वजन हे त्याचे जागतिक प्रमाण होते. २० मे २०१९ पासून त्या वजनाची जागा एका संख्येने घेतली. ती संख्या म्हणजे प्लांकचा स्थिरांक. मॅक्स प्लांक या जर्मन शास्त्रज्ञांनी १९०० साली तो मांडला आणि त्यातूनच पुढे पुंजयामिकी, म्हणजे क्वांटम मेकॅनिक्स, हे शास्त्र उदयास आले. तेव्हा हा विषय वाटतो तितका परका नाही.

बारवेच्या पायऱ्या

या शास्त्राचे एक मूळ तत्त्व समजण्यास बारवेचा दाखला पुरेसा आहे. बारवेत उतरणारा मनुष्य या पायरीवर किंवा त्या पायरीवर उभा राहतो, दोहोंच्या मध्ये नव्हे. अणूतील इलेक्ट्रॉनचीही स्थिती अशीच असते. तो वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर आला की मधल्या अंतराइतकी ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर टाकतो. चुलीच्या ज्वाळेत मिठाची चिमूट पडली की जो पिवळा रंग चमकतो, तो सोडियमच्या अणूतील अशाच एका उतरणीचा रंग होय.

शेतावरील सौर पंपाचे कार्य याच्या उलट दिशेने चालते. प्रकाश हा ऊर्जेच्या सुट्या पुंजांनी येतो, हे आईन्स्टाईन यांनी १९०५ साली दाखवून दिले. असा एक पुंज सिलिकॉनमधील इलेक्ट्रॉनला वरच्या पायरीवर चढवतो आणि त्यातून वीज निर्माण होते. पुंज पुरेसा मोठा नसेल, तर प्रकाश कितीही प्रखर असो, इलेक्ट्रॉन चढत नाही. पुढे १९२५ साली हायझेनबर्ग यांनी आणि १९२६ साली श्रोडिंगर यांनी या विचाराला गणिताचे पक्के रूप दिले. विद्यापीठात विद्यार्थ्यास अभ्यासावयाचे असते ते हेच गणित.

तीन भाषांचा प्रदेश

बिदर व कलबुर्गी हे जिल्हे पूर्वी हैदराबाद संस्थानात होते. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते आणि भाषांतरासाठी स्वतंत्र विभाग होता. त्या काळी संस्थानातील मराठी व कन्नड तरुणांनी तेथे भौतिकशास्त्र ‘तबीइयात’ या नावाने अभ्यासले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बिदर जिल्ह्याचे विभाजन झाले. उदगीर, अहमदपूर व निलंगा हा भाग तत्कालीन मुंबई राज्यात गेला. भालकी, औराद, हुमनाबाद व बसवकल्याण म्हैसूर राज्यात राहिले. आज येथील मराठी शाळेतील मुलगा भौतिकशास्त्र शिकतो, शेजारच्या कन्नड शाळेतील मुलगी भौतशास्त्र शिकते आणि विद्यापीठात दोघांपुढेही इंग्रजी पुस्तक येते. भाषा बदलल्या, परंतु निसर्गाचा नियम तोच राहिला.

शिक्षणाची सोयही आता जवळ आली आहे. कलबुर्गी येथे १९७० साली धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचे पदव्युत्तर केंद्र सुरू झाले आणि १९८० साली तेथे गुलबर्गा विद्यापीठ स्थापन झाले. आळंद तालुक्यातील कडगंची येथे २००९ साली स्थापन झालेले कर्नाटक केंद्रीय विद्यापीठ आहे. सीमेपलीकडे नांदेडचे विद्यापीठ १९९४ साली व सोलापूरचे २००४ साली सुरू झाले.

खरी अडचण

असे असूनही पुष्कळ विद्यार्थी या विषयास बिचकतात. त्याचे खापर सर्वस्वी इंग्रजीवर फोडणे न्याय्य होणार नाही. पुंजयामिकीचे समीकरण मराठी, कन्नड वा इंग्रजी नसते. ते सोडविण्यास कलन, विकलक समीकरणे, संमिश्र संख्या आणि सदिश यांची तयारी लागते. दहावी-बारावीत गणिताची सूत्रे केवळ पाठ करून आलेला विद्यार्थी येथे अडखळतो, मग तो कोणत्याही माध्यमाचा असो. मराठी माध्यमातील विद्यार्थ्यावर मात्र दुहेरी भार पडतो. त्याला कल्पना अवगत असते, परंतु तिचे नवे नाव ओळखीचे नसते. वर्गात प्रश्न विचारण्याचा संकोच वाटतो आणि पहिल्याच वर्षी नापास झाल्यावर ‘हे आपले काम नव्हे’ असा त्याचा समज होतो. या समजामुळे जी बुद्धी वाया जाते, ती हानी साऱ्या गावाची आहे.

येथे सत्येंद्रनाथ बोस यांचे स्मरण उचित ठरेल. ढाक्याच्या विद्यापीठात शिकवीत असताना त्यांनी प्लांकचा नियम नव्या रीतीने सिद्ध केला आणि १९२४ साली तो निबंध आईन्स्टाईन यांच्याकडे पाठविला. याच बोस यांनी १९४८ साली बंगालीतून विज्ञानप्रसार करण्यासाठी वंगीय विज्ञान परिषद स्थापन केली. जागतिक दर्जाचे संशोधन आणि मातृभाषेवरील निष्ठा यांत विरोध नसतो, हे त्यांच्या कार्यावरून दिसून येते.

करावयाचे कार्य

शिक्षकांनी आठवीपासूनच प्रत्येक शास्त्रीय संज्ञा मराठी, कन्नड व इंग्रजी अशा तीन रकान्यांत लिहून घ्यावी. फळ्यावर सूत्र मांडण्यापूर्वी ते कोठून आले हे समजावून द्यावे. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी एनपीटीईएल या उपक्रमातील व्याख्यानांचा लाभ घ्यावा. मद्रास आयआयटीत अध्यापन केलेले प्राध्यापक व्ही. बालकृष्णन यांची क्वांटम भौतिकीवरील व्याख्याने तेथे विनामूल्य उपलब्ध आहेत. ती थांबवून, वही हाती घेऊन, पुन्हा पुन्हा ऐकता येतात.

राज्यघटनेच्या अनुच्छेद ३७१ (जे) अन्वये कर्नाटकातील या भागाच्या विद्यार्थ्यांना शिक्षणात आरक्षण आहे. त्यासाठी लागणारे पात्रता प्रमाणपत्र प्रवेशाच्या मुदतीपूर्वी हाती पडेल, याची दक्षता अधिकाऱ्यांनी घ्यावी. कागद उशिरा मिळाला तर वर्ष वाया जाते.

पालकांना एवढेच सांगणे आहे की, एका विषयात अपयश आले म्हणून मुलाचे, विशेषतः मुलीचे, शिक्षण थांबवू नये. हा विषय पहिल्या वाचनात कोणासही पूर्णपणे उमगत नाही. केंद्र सरकारने १९ एप्रिल २०२३ रोजी ६,००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम अभियानास मंजुरी दिली. या कार्यास तयार मनुष्यबळ लागणार आहे, आणि त्यात औरादच्या, भालकीच्या व आळंदच्या मुलामुलींचा वाटा असावयास हवा. त्याची पूर्वतयारी आज गावच्या शाळेतील गणिताच्या तासालाच होणार आहे.