छातीतील जळजळ : पथ्य आणि औषध
(धामणगाव बढे, ता. मोताळा, जि. बुलडाणा येथील भाषण)



जेवणानंतर छातीत जळजळले, घशाशी आंबट पाणी आले, की आपण ‘पित्त झाले’ म्हणतो आणि चिमूटभर खाण्याचा सोडा घेऊन निजतो. सोड्याने आम्ल घटकाभर शमते. पण अन्ननलिका व जठर यांच्यामधील सैल पडलेली झडप काही आवळत नाही.

म्हणून पहिला उपचार घरचाच. निजण्यापूर्वी ३ तास जेवण आटोपावे. खाटेच्या उशाकडील पायांखाली विटा ठेवून ती बाजू ६ ते ८ इंच उंच करावी; नुसत्या उशा वाढविल्याने पोट दुमडते. स्थूल व्यक्तीने वजन उतरवावे. भाकरीबरोबरचा ठेचा ज्याला बाधतो त्याने सोडावा, सर्वांनी नव्हे. तंबाखू मात्र सर्वांनीच.

औषधांत ओमेप्राझोल प्रभावी आहे. ते डॉक्टरांच्या सल्ल्याने, न्याहारीपूर्वी अर्धा तास, बहुधा ४ ते ८ आठवडे घ्यावयाचे असते. जळजळ सुरू झाल्यावर दुकानातून आणलेली एखादी गोळी लागू पडली नाही, तर नवल कसले? घरोघरी परिचित असलेले रॅनिटिडीन २०२२ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतून वगळण्यात आले, हेही ध्यानी असावे.

घास अडकणे, वजन घटणे, रक्ताची उलटी वा डांबरासारखे काळे शौच, ही लक्षणे दिसताच गोळ्यांवर दिवस काढू नयेत. दुर्बिणीने तपासणी करून घ्यावी. आणि छातीतील कळ हाताकडे वा जबड्याकडे जाऊन दरदरून घाम सुटला, तर सोडा शोधीत न बसता तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.