सावड, टोळी आणि घरून काम

'घरून काम' आणि 'लवचीक वेळ' हे विषय पुण्या-मुंबईच्या संगणकवाल्यांचे, ते पुणे जिल्ह्यातल्या भोरमध्ये कशाला, असं काहींना वाटलं असेल. मला ते आधी आपलेच वाटतात. मृग लागला की पुढे भोर-वेल्ह्याच्या खाचरांत भाताच्या लावणीची घाई उडते. ज्याचं रोप तयार आणि ज्याच्या खाचरात पाणी साचलं, त्याची लावणी आधी. आज चार घरची माणसं एकाच्या रानात, उद्या तीच दुसऱ्याच्या, हीच सावड. कोणाकडून किती जण आले, किती दिवस राबले, हे घरच्या बाईला तोंडपाठ असतं. कोणी आजारी पडलं तर फेड लांबते, बुडत नाही. सावडीत साहेब नाही, हजेरीपट नाही. तरी लावणी वेळेत उरकते, कारण झालेलं काम सगळ्यांना दिसतं आणि उद्याची पाळी आपली आहे हे जो तो जाणतो.

2020च्या टाळेबंदीनंतर कंपन्यांचं घोडं अडलं ते इथेच. माणूस समोर दिसेना, म्हणून वरिष्ठ बेचैन. मग दर तासाला फोन, मिटिंगवर मिटिंग, माउस हलतोय का हे टिपणारी यंत्रणा. अशा पहाऱ्याने माणसं स्क्रीनसमोर बसून राहतात, काम पुढे सरकतंच असं नाही. कोणाकडे काय, कधीपर्यंत, कोण कोणावर अडून आहे, एवढं सगळ्यांना दिसेल असं मांडलं, तर वरिष्ठाला राखण करावी लागत नाही. अडलेल्याची वाट मोकळी करणं, हे त्याचं खरं काम.

पण वेळेची मोकळीक मिळाली आणि उद्याची शाश्वती गेली, तर त्या मोकळीकीचा उपयोग काय? याचं उत्तर डोंगरातून पोटासाठी शहरात गेलेल्या हमालांच्या टोळ्यांनी दिलं आहे. त्यांना एक मालक नसे. सकाळी या गाळ्यावर, दुपारी त्या ट्रकवर. कामगार नेते अण्णासाहेब पाटलांनी लढा दिला, 1969 साली माथाडी कायदा झाला. कामगाराची नोंद माथाडी मंडळाकडे. व्यापाऱ्याने मजुरी आणि वर लेव्ही तिथेच भरायची. त्यातून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस. मालक बदलला तरी हक्क कामगाराबरोबर चालत राहतो. पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने हीच लढाई नेटाने लढली. महाराष्ट्राने देशाला दिलेल्या कायद्यांत मी रोजगार हमीच्या शेजारी हाच कायदा ठेवतो.

आज मोबाइलवरच्या ऑर्डरी पोचवणारी आपली पोरं त्याच हमालांच्या जागी उभी आहेत. सामाजिक सुरक्षा संहिता 2020 साली मंजूर झाली, लागू व्हायला 21 नोव्हेंबर 2025 उजाडला. तिच्यात अशा ॲपवाल्या कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या 1 ते 2 टक्के कामगारांच्या निधीला द्यायचे आहेत. पाऊल चांगलं आहे, पण अपुरं. माथाडी मंडळावर कामगारांचे प्रतिनिधी बसतात, मजुरीही मंडळामार्फत हातात पडते. या पोरांचा दर मात्र कंपनीचं ॲप एकतर्फी बदलतं. दर ठरवताना त्यांचा माणूस समोर बसलाच पाहिजे.

आणि आपल्यापुरतं सांगतो. तोरण्याच्या पायथ्याला भर पावसात लाइट जाते, रेंज जाते. ग्रामपंचायतीच्या इमारतीत एक खोली, इन्व्हर्टर, चांगली इंटरनेट जोडणी आणि चार टेबलं एवढं झालं, तर कितीतरी मुली गावात राहून काम करतील. त्यांच्या वरिष्ठांनी जुलैच्या कामाची आखणी करताना लावणीचे दिवस मेमध्येच विचारून घ्यावेत.