उराकामीची घंटा आणि आपल्या घंटा



वैशाखऱ्यात बसून जपानमधल्या एका चर्चची हकीकत ऐकायची म्हणजे 'हे कुठले नवे काढले?' असे कुणाच्याही मनात यायचेच. म्हणून आरंभ जवळून करतो. आहुपे घाट चढून भीमाशंकराला गेलेली मंडळी या सभेत पुष्कळ असतील. तेथील भली मोठी घंटा तुम्ही पाहिली आहे. आम्ही तेथे उभे असताना एका लहान मुलाने घंटेवरच्या आकृतीकडे बोट करून बापाला विचारले, "ही बाई कोण?" बाप म्हणाला, "असेल कुठली देवी," आणि पोराला ओढत पुढे गेला. ती मांडीवर बाळ येशू घेतलेली मेरी होती. आम्हाला ठाऊक असून आम्ही बोललो नाही. ते आजवर मनाला लागून आहे.

नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली आणि वाईजवळच्या मेणवलीची, या घंटाही त्याच कुळातल्या. १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई घेतली, तेव्हा चर्चमधून उतरवून त्या वर नेल्या असे परंपरा सांगते. वसईचा विजय आपण अभिमानाने सांगतो, आणि तो सांगावाच. पोर्तुगीजांनी या मुलखात देवळे पाडली होती. आपल्या जिल्ह्यातले वज्रेश्वरीचे देऊळ त्या मोहिमेच्या नवसाचेच. पण शरणागतीच्या तहात, मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना आपल्या धर्माने वागण्याची मुभा होती, हेही त्याच इतिहासाचे पान आहे. किल्ल्यातले सेंट जोसेफचे मोठे चर्च मात्र पुन्हा नांदते झाले नाही. मनोरा उभा आहे. वर छप्पर नाही.

याच वसईत सोळाव्या शतकात गोन्सालो गार्सिया जन्मला. बाप पोर्तुगीज, आई इथली. तो जपानला गेला, तेथे व्यापार केला, पुढे संन्यासी झाला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर मारला गेला. १८६२ साली त्याला संतपद मिळाले.

त्या नागासाकीला लागूनच उराकामी नावाचे खेडे होते. बंदी आल्यावर तेथल्या शेतकऱ्यांनी सुमारे अडीचशे वर्षे, पाद्री नसताना, आपला धर्म लपवून सांभाळला. दरसाल गावच्या मुखियाच्या घरी त्यांना येशू-मेरीच्या चित्रावर पाय द्यावा लागे. देत, आणि घरी जाऊन क्षमा मागत. १८७३ साली बंदी उठली तेव्हा त्यांतले पुष्कळजण हद्दपारीतून परतत होते; शेकडो तिकडेच मेले होते. आलेल्यांनी काय केले? मुखियाच्या घराची तीच जागा विकत घेतली. १८९५ साली काम काढले, १९१४ साली चर्च पुरे झाले. दोन मनोरे १९२५ साली चढले.

९ ऑगस्ट १९४५. सकाळी अकरा वाजून दोन मिनिटे. बाँब फुटला तो चर्चपासून सुमारे पाचशे मीटरांवर. आत पापनिवेदनासाठी आलेले लोक आणि दोन पाद्री जागीच गेले. उराकामीच्या सुमारे बारा हजार ख्रिस्ती लोकांपैकी साडेआठ हजार मेले असे सांगतात. दोन घंटांपैकी लहान घंटा फुटली. मोठी ढिगाऱ्यात शाबूत सापडली, आणि त्याच नाताळच्या रात्री जगल्यावाचल्यांनी ती वाजविली.

पुढे वाद निघाला. पडक्या भिंती जगाला साक्ष म्हणून तशाच ठेवाव्या, असे शहरातले पुष्कळजण म्हणत. चर्चची मंडळी म्हणाली, आमच्या आजोबांना चित्र तुडवावे लागले ती ही जागा; येथेच बांधणार. १९५८ साली भिंती उतरविल्या, एक तुकडा स्फोटस्थळाजवळ नेऊन ठेवला आणि १९५९ साली नवे चर्च उभे राहिले. १९६२ पासून ते बिशपचे मुख्य चर्च, म्हणजे कॅथेड्रल, झाले. भिंती ठेवल्या असत्या तर जगाला अधिक कळले असते, असे आम्हालाही वाटते. पण ज्यांची माणसे तेथे जळाली त्यांना प्रार्थनेला छप्पर हवे होते. आपण लांबून काय म्हणावे?

एक मनोरा तरीही मुकाच होता. एका अमेरिकन प्राध्यापकाने, ज्याचे आजोबा अणुबाँबच्या प्रकल्पात डॉक्टर होते, आपल्या देशातल्या कॅथलिकांकडून वर्गणी गोळा करून दुसरी घंटा पाठविली. ९ ऑगस्ट २०२५ रोजी, त्याच मिनिटाला, दोन्ही घंटा ऐंशी वर्षांनी एकत्र वाजल्या.

मग आपल्या घंटा परत कराव्यात काय, असे कुणी विचारील. आम्ही तसे म्हणत नाही. भीमाशंकराच्या घंटेला तेथे अडीच शतकांहून अधिक काळ लोटला. ती तेथलीच झाली. पण त्या पोराला आम्ही सांगायला हवे होते, की बाळा, ही मेरी, वसईहून आली. त्याने लगेच विचारले असते, वसईला काय होते? आणि मग घाट उतरेपर्यंत आम्हाला नागासाकीपर्यंत जावे लागले असते.